आमच्या सँडरचा घसा

लाकूड घासणाऱ्याच्या घरात भुसा कितीही झाडा, संपत नाही. चादर झटकली की पडतो, चपलेत असतो, परवा तर माझ्या चष्म्याच्या घरात निघाला! आमच्याकडचे किस्से तसेच. सांगून झाले म्हणून मी पदर झटकते, तर आणखी दोन खाली पडतात. हळदीकुंकवाला बायका म्हणतात, "शोभाताई, तो मशीनचा सांगा की!" मशीनचा एक आहे होय? त्या एका सँडरनं मला जेवढे किस्से दिले तेवढे सगळ्या नातेवाइकांनी मिळून दिले नाहीत. आणि नातेवाईक काही कमी नाहीत!

आधी सांगून टाकते. मी चौथी शिकलेली, निपाणीकडची. लग्न करून बेंगळुरात आले त्याला तीस वर्षं होत आली. आमचे हे सुतार. महादेवपुऱ्यात तळमजल्यावर राहतो. घरापुढं गाडी लावायचं पार्किंग आहे. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून तेच आमचं वर्कशॉप. हे कापतात, जोडतात. मी घासते आणि पॉलिश करते. सँडर म्हणजे तांब्याएवढं मशीन. हातात धरायचं, खाली गोल चकती, चकतीला पॉलिश पेपर चिकटवायचा. बटण दाबलं की चकती फिरते आणि लाकूड गुळगुळीत होतं.

अकरा वर्षं त्याच पार्किंगमध्ये त्याच मशीनवर काम केलं. ते मशीन गेटच्या बाहेर जायची पाळी आली होती. पण ते पुढं.

* * *

मशीन माझ्या हातात आलं त्याचं कारण यांचा उजवा खांदा. डॉक्टर म्हणाले, थरथरणारं काहीही धरायचं नाही. हे दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि पिन बोर्डात घातली.

पहिलंच गिऱ्हाईक आलं. मी गुडघ्यावर बसून त्याच्या कपाटाचं दार घासत होते. तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "अक्का, पॉलिशवाला कुठं गेला?"

हे काहीतरी बोलायला गेले. मी डोळ्यांनीच गप्प केलं. म्हटलं, "येतोय. बसा की."

बिचारा अर्धा तास स्टुलावर बसला. दार झालं. त्यानं हात फिरवला, पुन्हा फिरवला, गाल लावायचाच काय तो बाकी. म्हणाला, "काय सफाई आहे! पण पॉलिशवाला आला कधी?"

मी हात पुसत उठले. "आला, काम केलं, आता तुम्हाला चहा टाकायला चाललाय!"

* * *

आमच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, ओनर राहतात. सरोजम्मा. नवरा वारला, मुलं परदेशात. गेटपासून गच्चीपर्यंत तिचंच राज्य. मी तिला अम्मा म्हणते. आमचं बोलणं कन्नडमध्ये, मी इथं मराठी करून सांगते. बाई कडक. पण मीही काही मऊ नाही, म्हणून जमलं.

आयुधपूजेच्या दिवशी तर बघूच नका! नवरात्रात आपापल्या हत्यारांची, गाड्यांची पूजा करायची ही इकडची मोठी रीत. आमच्या बिल्डिंगमध्ये ती पूजा सरोजम्माच करणार, दुसऱ्या कुणी ताटाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी आपलं आयुध गेटपाशी आणून ठेवायचं. आमची करवत, रंधा, सँडर. कुणाची स्कूटर. दुसऱ्या मजल्यावर पुण्याचा समीर राहतो, कंपनीचं काम घरूनच करतो. तो लॅपटॉप घेऊन येतो. सरोजम्मा सगळ्यांना हळद-कुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते आणि लाल अक्षता टाकते.

टाकते म्हणजे काय, पेरतेच! मूठ मूठ! गेल्या वर्षी समीरच्या लॅपटॉपवर एवढ्या टाकल्या की दिवाळीपर्यंत तो टाचणीनं बटणांखालून तांदूळ काढत होता. मला म्हणाला, "काकू, ऑफिसात सगळे विचारतात, तुझ्या मेलमध्ये एक अक्षर नेहमी गाळलेलं का असतं?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, देवाला वाहिलंय!"

* * *

यंदा उन्हाळ्यात मशीनचा आवाज बिघडला. सँडर काही मुका नसतो, गुणगुणतोच. त्या गुणगुणीची सगळ्या बिल्डिंगला सवय होती. पण आता तो आधी खरखरला, मग घरघरला आणि एक दिवस असा किंचाळला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

पाच मिनिटांत समीर जिना उतरून खाली. कानात फोनची ती दोन बोंडं, पायात दोन वेगळ्या चपला.

"काकू, अहो, माझी मीटिंग चालू आहे! साहेबांनी विचारलं, तू एअरपोर्टवर आहेस का?"

मी म्हटलं, "मग सांग की, विमान लेट आहे!"

तो हसला. पण सरोजम्मा हसली नाही. ती जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभी राहिली. खाली आली नाही, तेव्हाच मी ओळखलं. भांडण असलं की ती वरूनच बोलते.

"शोभा, हे काय आहे?"

"मशीनला काहीतरी झालंय अम्मा. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

"अकरा वर्षं अ‍ॅडजस्टच करतेय. भुसा सोसला, पॉलिशचा वास सोसला. हा आवाज माझ्या डोक्यात घुसतो. सोमवारी जर हा आवाज आला तर मशीन गेटबाहेर. मग दुसरीकडे कुठं घासायचं ते घासा."

दुसरीकडे कुठं? महादेवपुऱ्यात आता हातभर जागेला ऑफिसवाले टपलेत. आमच्यासारख्याला शेड कोण देतो? पार्किंग गेलं की काम गेलं. आणि वर जयनगरच्या एका घराचं सागवानी मेन डोअर आमच्याकडे आडवं पडलेलं. त्यांची घरभरणी ठरलेली, दरवाजा अर्धा घासलेला.

त्या दिवशी गुरुवार होता.

* * *

पहिला इलाज यांनी केला. मी भाजी आणायला गेले होते. पुरुष माणसाला आवाज करणारी कुठलीही वस्तू दिसली की तेल सुचतं. दार कुरकुरलं, तेल. पंखा कुरकुरला, तेल. यांनी खोबरेलाची बाटली घेतली आणि मशीनच्या वरच्या जाळीतून, जिथून हवा आत जाते तिथून, धार सोडली. चमचाभर नव्हे, वाटीभर!

मी गेटमधून आत आले तर हे कपाळाचा घाम पुसत, खूश.

"अगं, बघ, आवाज गेला की नाही?"

मी बघितलं. कान दिला. खरंच काही आवाज नाही.

"अहो, पण मशीन बंद आहे!"

"हां... मग आता चालू करून बघू."

"थांबा!" म्हणेपर्यंत यांनी बटण दाबलं. आतून किंकाळी तशीच आली आणि जाळीतून खोबरेलाचं कारंजं उडालं. माझ्या साडीवर, यांच्या मिशीवर आणि सरळ रेघेत जयनगरच्या दरवाजावर! सागवानावर तेल पडलं की तिथं पॉलिश धरत नाही. तो डाग काढायला मला पुढं किती वेळ घासावं लागलं ते माझ्या मनगटाला विचारा.

मी फडकं घेतलं आणि दरवाजा पुसायला लागले. हे मिशी पुसत हळूच म्हणाले, "वास मात्र छान येतोय, नाही? वड्या केल्यासारखा."

* * *

शुक्रवारी सकाळी मशीन पिशवीत घालून रिपेरीवाल्याकडे नेलं. हेही आले. दुकानात तीन खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं. त्यानं मशीन हातात घेतलं, दोन सेकंद चालवलं, बंद केलं. उघडलंही नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. यांना म्हणाला, "अण्णा, मोटर गेली. नवीन घ्या."

मी विचारलं, "मोटर गेली तर चकती फिरते कशी?"

तो यांनाच म्हणाला, "अण्णा, अक्कांना सांगा, फिरते, पण गेलेली आहे."

"म्हणजे हाय का नाय? एक काय ते सांगा."

"अक्का, तुम्हाला नाही कळायचं. मशीनचं काम आहे."

झालं! हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही. मी मशीन त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, "पेशंटची नाडी न बघता तू सरळ तिरडी बांधायला सांगतोस. मीच बघते."

रस्त्यात हे म्हणाले, "शोभा, उघडायचं नाही हं. एकदा उघडलं आणि बसलं नाही, तर सोमवारी काय करायचं?"

मी म्हटलं, "नाही उघडलं, तर सोमवारी काय करायचं?"

हे पुढं रिक्षा थांबवायला गेले.

* * *

आता मला काय कळतं ते सांगते. माझे वडील लोहाराकडे भाता मारायचे. गावात बैलगाडी आली की ती वळणावर असतानाच म्हणायचे, "डावं चाक. आस झिजलाय." गाडी दिसायच्या आधी! मी विचारायची, कसं कळलं? म्हणायचे, "चाक सांगतं. आपण बोलायचं थांबलं की ऐकू येतं." शाळा माझी चौथीत सुटली, पण ही शाळा सुटली नाही.

मशीन घेऊन पार्किंगमध्ये बसले. समीर कामातून उठून आला. पोरगं मनानं चांगलं. त्यानं फोनवर व्हिडिओ लावला. कुणी गोरा माणूस, टेबलावर अस्साच सँडर, आणि तोंडाची टकळी चालू. मशीन लावतो आणि त्याच्यावरून बोलतो, लावतो आणि बोलतो!

"काकू, तो काय म्हणतोय ते मी सांगतो, म्हणतोय की..."

"समीर, आधी त्याला गप्प कर! मला मशीन ऐकू दे!"

आवाज बंद केल्यावर त्याचे हात बघितले, तेवढे पुरे झाले. माणूस बोलायला नको तेवढा, पण हात हुशार होते.

मग माझी पद्धत. पेपर काढला आणि चालवलं. आवाज तोच, म्हणजे पेपराची चूक नाही. जाळीतून डोकावले, आत ठिणग्या फार उडत नव्हत्या, म्हणजे मोटरला वीज देणारा कार्बन ठीक. आता लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. वर टेकवलं, मोटर गुणगुणतेय, गरीब गाय. मध्ये टेकवलं, ठीक. खाली चकतीजवळ टेकवलं आणि डोक्यात कुणी खडी दळायला घातली! पिन काढून चकती बोटानं फिरवली. गुळगुळीत फिरायला हवी, ती वाळूत रुतल्यासारखी अडत होती.

तेवढ्यात सरोजम्मा दूध घ्यायला गेटपाशी आली. मी कानाशी स्क्रू ड्रायव्हर धरून बसलेली. ती बघत राहिली.

समीर तिला म्हणाला, "अम्मा, काकू मशीनशी बोलतायत."

सरोजम्मा म्हणाली, "सोमवारपर्यंत काय ते बोलून घे म्हणावं."

पण मला कळलं होतं. चकतीचं बेअरिंग. मोटर ठणठणीत होती. त्या रिपेरीवाल्याला जाऊन सांगावंसं वाटलं, पण सोमवार जवळ होता.

* * *

उघडायचं म्हणजे स्क्रू निघणार, आणि स्क्रू निघाले की हरवणार. कुठला कुठं होता ते विसरणार. मी स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा आणला. सात वाट्या! मोहरी, जिरं, हळद सगळं कागदाच्या पुड्यांत बांधलं आणि वाट्या पुसून घेतल्या. पहिले निघालेले स्क्रू पहिल्या वाटीत, मग दुसऱ्या. लावताना उलटं यायचं, सातवीपासून पहिलीपर्यंत. चौथी पासला सातपर्यंत मोजता येतं!

सगळं सुटं करून ठेवलं. जेवणाची वेळ झाली म्हणून स्क्रू एका ताटलीत वाटीवार सात ओळींत मांडले आणि डबा पुड्यांसकट आत दिला. आमटी यांनी केली. मी हात धुऊन येते तर हे कढईपुढं भेदरलेले उभे.

"शोभा, आमटीतून आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"फोडणी टाकली तर मोहरी तडतडली, आणि मग टिण्ण झालं."

मी पळत बाहेर गेले, ताटलीत मोजलं. एक वायसर कमी! करदोट्याच्या मण्याएवढा, पण तो नसला तर चकती हलत राहणार. मोहरीच्या वाटीच्या तळाला चिकटून राहिला होता. आम्ही दोघांनी चाळणी लावून आमटी गाळली. वायसर सापडला. मी फडक्यानं पुसून चमकवला.

हे जेवताना म्हणाले, "लोखंडाची चव उतरलीय थोडी. पण रक्त वाढेल."

* * *

बेअरिंग घ्यायला शनिवारी मी एकटी गेले. जुनं फडक्यात बांधून. दुकानात सगळे बाप्ये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कुठल्या गाडीचं, अक्का?"

"गाडीचं नाही. माझ्या मशीनचं. नंबर कड्यावर आहे, वाच."

त्यानं दोन डबे पुढं ठेवले. मी दोन्ही बाजूंनी रबराचं झाकण असलेलं मागितलं, कारण आमच्याकडे भुसा उडतो, उघडं चालत नाही. तो जरा सरळ उभा राहिला. मग मी एक बेअरिंग उचललं, आतल्या कड्यात बोट घालून कानाशी फिरवलं. ठेवलं. दुसरं फिरवलं. ठेवलं. तिसरं.

मागून एक जण हसला. "अक्का, हा काय नारळ आहे?"

मी वळले. "नारळ दहा मिनिटांत फोडून टाकायचा, तरी तुम्ही वाजवून घेता. हे मला दहा वर्षं चालवायचंय!"

चौथं घेतलं. बोटावर फिरवलं तर असं गप्प फिरलं, जसं सासूसमोर नवी सून. दुकानदार आतून उठून आला आणि बघत राहिला. मी निघाले तर तो हसणारा माणूस आपलं बेअरिंग कानाशी धरून फिरवत होता!

* * *

आता नवं बसवायचं. कुणी म्हणेल, जुनं काढल्याचं सांगितलंच नाही, मग दुकानात काय नेलं? काढलं होतं, दुकानात जायच्या आधीच, आणि ते काढलं यांनी. तेवढं श्रेय देते. बेअरिंग एका वाटीसारख्या खोबणीत घट्ट बसलेलं असतं. लोखंडानं ठोकलं तर खोबण वाकणार. यांनी सागवानाचा तुकडा घेतला आणि डाव्या हातानं, हो, डाव्या, तासून तासून नेमका त्या मापाचा दांडका केला. दोन ठोके, आणि बेअरिंग टुपकन बाहेर! हे माझ्याकडे बघून हसले. खांदा गेल्यापासून तसे हसले नव्हते.

आणि बेअरिंग निघालं तेव्हा त्याच्या वरचा पंखा नीट दिसला. चकतीबरोबर एक छोटा पंखा फिरतो, भुसा बाहेर फेकायला. त्या पंख्याच्या एकाच बाजूला लगदा बसला होता. यांचं खोबरेल, भुसा, सगळं मिळून शिऱ्यासारखं घट्ट. सीलिंग फॅनच्या एका पात्याला ओला टॉवेल बांधला तर काय होईल? तसं झालं होतं. पंखा एका अंगाला जड, म्हणून सगळं हादरणार. हादरून हादरून बेअरिंग झिजणार. नवं घातलं असतं तरी महिन्यात पुन्हा तेच.

मी केसांच्या पिनेनं लगदा खरवडला. आत काहीतरी टणक लागलं. बोटांवर घेतलं, पुसलं.

तांदूळ. चार दाणे. लाल.

हे बघत राहिले, मी बघत राहिले. वरच्या जाळीतून पडलेल्या, पंख्यात अडकलेल्या, त्यांच्याभोवती आठ महिने भुसा धरत गेलेल्या. आयुधपूजेच्या अक्षता!

हे ताडकन उठले. एरवी थंड माणूस! "चल वर! आत्ता चल! दाखव तिला! आपल्याला गेटबाहेर काढते? तिच्याच हातचे दाणे आहेत म्हणावं!"

भांडायला मी कधी मागं नसते, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. जिन्याच्या दोन पायऱ्या चढलेही. तिसरीवर थांबले.

हे म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "दाणे दाखवून जागा राहिली तर ती दाण्यांमुळं राहिली. मला माझ्या कामानं राहायला पाहिजे. आवाज घालवते आधी."

देवाच्या अक्षता कचऱ्यात टाकवत नाहीत. गेटपाशी तुळशीची कुंडी आहे, तिच्यात ठेवल्या.

* * *

रविवारी सकाळी नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं, वाटाण्याच्या पिशवीशेजारी. खोबण ठेवली उन्हात, कावळ्यांपासून राखत. समीर विचारतो, "काकू, हे त्या व्हिडिओत नव्हतं!"

"व्हिडिओवाल्याचा बाप लोहाराकडे नव्हता." बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना वडील ती तापवून फुलवायचे आणि चाकावर घातली की पाणी ओतायचे. आवळून बसायची. इथं उलटं. थंडीनं बेअरिंग केसभर आकसतं, उन्हानं खोबण केसभर फुलते. यांच्या सागवानी दांडक्यानं फक्त बाहेरच्या कड्यावर ठोकायचं, आतल्या कड्यावर ठोकलं की नवं बेअरिंग तिथंच मेलं.

एक ठोका. दोन. तिसऱ्याला बसलं. जसं काही तिथंच जन्मलं होतं.

ताटलीतली सातवी ओळ, सहावी, पाचवी. शेवटचा स्क्रू आवळला. पिन घातली. यांनी कानावर हात ठेवले. समीरनं डोळे मिटले. मी बटण दाबलं.

गुणगुण. जुनी, पहिल्या दिवसाची गुणगुण! मी बंद केलं आणि काही कारण नसताना पदरानं मशीन पुसत बसले.

सोमवारी सकाळी आठला जयनगरच्या दरवाजावर बसले. अकराला सरोजम्मा जिना उतरली. पाचव्या पायरीवर थांबली नाही, खाली आली.

"काय गं, आज काम नाही? वाट बघत होते मी."

मी तोंडावरचं फडकं सोडलं. "अम्मा, अख्खा दरवाजा झाला!"

तिनं दरवाजाकडे बघितलं, भुशाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. "सरी," म्हणाली, म्हणजे बरं. "काय झालं होतं त्याला?"

हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बेअरिंग."

ती वळली आणि तुळशीला पाणी घालायला गेली. तांब्या वाकडा केला आणि तसाच धरून राहिली. मग वाकली. कुंडीतून काहीतरी बोटांत धरलं, चोळलं, नाकाशी नेलं. खोबरेलाचा वास आला असणार. तिथूनच वळून तिनं सँडरकडे बघितलं. खूप वेळ. मी दरवाजावर फडकं मारत होते, जिथं मारायची गरज नव्हती तिथं.

तांब्यातलं पाणी तसंच घेऊन ती वर गेली.

* * *

यंदाची आयुधपूजा झाली. गेटपाशी नेहमीसारखी रांग. करवत, रंधा, स्कूटर. समीरनं लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आणला होता, नुसता एक कोपरा बाहेर.

सरोजम्मा ताट घेऊन उतरली. करवतीला कुंकू, रंध्याला कुंकू, अक्षता. स्कूटरवर मूठभर. लॅपटॉपच्या टॉवेलावर मूठभर. मग सँडर. मी हात जाळीवर ठेवायला तयार बसले.

तिनं सँडरला बोटानं हळदीचा एक टिकला लावला. फक्त एक. अक्षतांची मूठ उचलली होती, ती तशीच धरून सँडर ओलांडून पुढं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"हात पुढं कर."

"अम्मा, माझे कशाला?"

"दोन्ही."

मी केले. पॉलिशनं काळी पडलेली नखं, तळव्यांवर घट्टे. तिनं दोन्ही हातांवर हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मुठीतल्या सगळ्या अक्षता त्यांच्यावर ओतल्या.

मग रिकामं ताट काखेत मारून जिना चढता चढता म्हणाली, "या हातांना जाळी नाही."